बोल्टवर न गेलेला हात

सेटवर त्यांना सगळे खुसपटराव म्हणत. युद्धपटातली प्रत्येक बंदूक त्या सालातली आहे ना, हे तपासणं त्यांचं काम. एकदा एका पट्ट्याचं बक्कल चार वर्षं पुढचं निघालं, तेव्हा त्यांनी शंभर नकली सैनिकांना जेवणासाठी ताटकळत ठेवलं होतं.

हा चित्रपट मात्र घरचाच होता. खंदकातून दहा गोळ्या झाडून एकट्याने ठाणं राखणारा नायक म्हणजे त्यांचे सख्खे दादा. ती गोष्ट ऐकूनच खुसपटरावांना बंदुकांचं वेड लागलं होतं. सुरुवातीच्या पाटीवर दादांचं नाव आणि ‘सत्यकथा’ हा शब्द येणार होता, आणि त्यासाठी सही लागणार होती खुसपटरावांची.

दादा सेटवर आले तशी दिग्दर्शिकेने त्यांना गळ घातली, की नटाला जरा दाखवा. खुसपटरावांनी बिनगोळीची काडतुसं भरून जुनी बंदूक त्यांच्या हाती दिली. दादांनी वाळूच्या पोत्यांवर नेम धरला, चाप ओढला. बार झाला. त्यांनी पुन्हा चाप ओढला, मग पुन्हा. काहीच झालं नाही. वय झालं म्हणत मंडळी प्रेमाने हसली.

खुसपटरावांच्या मनात मात्र पाल चुकचुकली. या बंदुकीचा बोल्ट, म्हणजे बाजूची खिट्टी, प्रत्येक बारानंतर हाताने मागे ओढावा लागतो, त्याशिवाय पुढचं काडतूस चढत नाही. नुसत्या चापावर चालणाऱ्या बंदुका फौजेत आल्या त्या या लढाईनंतर तीन वर्षांनी, आणि दादांचा हात त्यांच्यावरच बसलेला दिसत होता. डोकं विसरेल, पण हात कसा विसरेल? म्हणजे दादा त्या खंदकात नव्हतेच की काय?

एकदा संशय शिरला की जुनं सगळं वर येतं. पलटणीतलं कोणी घरी आलं की दादा ती गोष्ट कधीच काढत नसत. धाकट्याने जमवलेल्या बंदुका बघायलाही ते कधी आले नव्हते. कुठेतरी पाणी मुरत होतं. ज्याने बोट धरून शाळेत नेलं त्याच्यावर संशय घ्यायचा, याची खुसपटरावांना लाज वाटली. पण संशय काही हलेना.

चहाच्या सुट्टीत ते दादांना शस्त्रांच्या खोलीत घेऊन गेले आणि दार लोटलं.

“दादा, खरं सांग. तू तिथे होतास ना?”

दादांनी रॅकमधल्या एका बंदुकीच्या बोल्टला बोट लावलं.

“होतो रे. तेव्हाही हेच झालं. पहिला बार सुटला आणि बोल्ट ओढायचं सुचलंच नाही. नुसता चाप दाबत बसलो. वाटलं, बंदूक बिघडली.”

“मग त्या दहा गोळ्या?”

“शेजारच्याने झाडल्या. दहावी गोळी सुटली आणि तो गेला. सकाळी साहेब विचारायला आले, तेव्हा सांगायला मी एकटाच उरलो होतो.”

खुसपटरावांना राग आला, आणि त्याच वेळी भावाला कुशीत घ्यावंसंही वाटलं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. खिशातून पाटीच्या मजकुराचा कागद काढला, त्यावरचं दादांचं नाव सरळ रेघ मारून खोडलं आणि पेन दादांपुढे धरलं.

“त्याचं नाव लिही.”

दादांनी चष्माही न लावता, आडनावासकट लिहिलं.