गंगुबाईचा सत्कार

ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या बेसिनखालचा वाकडा पाइप मालनने सोडवला, खाली बादली धरली आणि आतला गाळ हाताने चाचपला. केस, साबणाचा लगदा, कापसाचे बोळे. मग बोटाला काहीतरी टोचलं. हिऱ्याची कुडी! भूल देणाऱ्या डॉक्टर तेजस्वी मॅडम सकाळपासून जिच्यासाठी रडकुंडीला आल्या होत्या, तीच. आईची शेवटची आठवण होती म्हणे.

दुसरी एखादी असती तर कनवटीला लावून मोकळी झाली असती. मालनने कुडी धुतली, पुसली आणि मॅडमच्या तळहातावर ठेवली. मॅडमनी तिला चक्क मिठी मारली. टोपी, मास्क, गाऊन. दोघींचे काय ते डोळेच उघडे, ते भरून आले.

"नाव काय तुमचं?"

मालनची जीभ जरा अडखळली.

"गंगुबाई," ती म्हणाली.

आता ज्या बाईने हिरा परत केला, तिने नाव खोटं का सांगावं? तर गळ्यातल्या ओळखीच्या कार्डावर तेच होतं. गंगुबाई म्हणजे तिची थोरली जाऊ. मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात सफाईला कंत्राटावर लागली ती गंगुबाई. वर्षभरात तिचे गुडघे धरले, ती घरी बसली आणि तिच्या जागी मालन यायला लागली. कार्डावरचा फोटो इतका पुसट, की कुणाचाही म्हणून खपावा. कंत्राटदाराच्या सुपरवायझरने, विनोदनेच हे जमवून दिलं होतं. पगार गंगुबाईच्या खात्यात, अर्धा मालनच्या हातात. मालनचा नवरा मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. दोन वर्षं त्या अर्ध्यावरच तिची चूल पेटत होती.

कौतुक तिथेच थांबलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. दर सोमवारी कॉलेजचं बातमीपत्र निघतं. कोण निवृत्त झालं, कुणाचा वाढदिवस, कुणी कुठल्या परिषदेत निबंध वाचला. त्यातच या खेपेला छापून आलं: 'प्रामाणिक सफाई कर्मचारी श्रीमती गंगुबाई यांचा शनिवारी सभागृहात सत्कार. आधार कार्डाची प्रत सोबत आणावी.' फलकावर लागलं, सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं.

मालनला घाम फुटला. सत्कार नको, पण ते आधार कार्ड आवर, अशी तिची गत झाली.

"घाबरतेस कशाला गो?" विनोद म्हणाला. "गंगुबाईलाच आणतो. मास्कात कोण कुणाला ओळखतो?"

"आणि मी?"

"तू चहाचं बघ."

शनिवारी गंगुबाई मिरजोळ्याहून रिक्षाने आली. अंगावर मोरपंखी साडी होती, तीही मालनचीच. धड म्हणावी अशी तेवढीच एक, ती आदल्या दिवशी येऊन मागून नेली होती. आणि गुडघ्यांचं म्हणाल, तर स्टेजच्या चार पायऱ्या बाई तुरुतुरु चढली. शाल, श्रीफळ, टाळ्या. ओटीच्या सानिका सिस्टर रोज मालनच्या डब्यातली सोड्यांची, सुक्या कोळंबीची चटणी मागून खायच्या. त्यांनी ट्रे घेऊन उभ्या असलेल्या मालनकडे पाहिलं, नजर खाली घातली आणि टाळ्या वाजवत राहिल्या.

तेजस्वी मॅडमनी माईक घेतला. गंगुबाईचा हात त्यांनी हातात धरला होता.

"ओटीत आम्हाला चेहरे दिसत नाहीत, नुसते डोळे दिसतात," त्या म्हणाल्या. "पण हे डोळे मी हजारांत ओळखेन."

गंगुबाईने पदर डोळ्यांना लावला.

मेल्यांनो, ती मी, मी! असं ओरडावंसं मालनला वाटलं. पण ओरडली असती तर खोट्या नावाने कामाला आली म्हणून पहिली तीच बाहेर गेली असती. तिने चहा फिरवायला घेतला.

मॅडम समोर आल्या. मालनच्या तोंडावर आज मास्क नव्हता. मॅडमनी तिच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"बिनसाखरेचा कुठला हो?"

मालनने कडेच्या कपाकडे बोट दाखवलं.

सभागृह रिकामं झाल्यावर ती कप गोळा करत होती, तेवढ्यात विनोद आला. मागून गंगुबाई.

"मालन, कार्ड दे."

"ते कशाला?"

"सोमवारी हिचा फोटो फलकावर लागणार. आता त्या नावाला चेहरा आला गो. तू कशी येणार?"

"आणि हिचे गुडघे?"

"बरे हायत आता," गंगुबाई म्हणाली. "एवढा मान मिळाला नि कामावर नाय गेले, तर लोक काय म्हणतील?"

आयत्या बिळावर नागोबा! मालनच्या ओठांवर आलं होतं. तिने गळ्यातली दोरी काढून पुढे केली. गंगुबाईने कार्ड गळ्यात घातलं, त्यावर शाल सारखी केली आणि मग जवळ सरकून हळूच विचारलं,

"ती कुडी नक्की कुठे गावली गो? सोमवारी कोण विचारील, तर सांगायला नको?"

मालनने रिकामे कप एकात एक घातले.

"बेसिनच्या खाली वाकडा पाइप हाय," ती म्हणाली. "आधी बादली धर. मग सोडव."