जैसे थे

कमरेला बांधलेल्या दोराचं टोक एका हवालदाराच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेलं, तेव्हा झुंबर ओढ्याच्या मधोमध घोटाभर पाण्यात उभा होता. ओढ्याच्या पलीकडं हिंदुस्थान सरकारचं राज्य, अलीकडं निजामाचं. पलीकडच्या फौजदारानं अलीकडच्या पोलीस अमीनाशी हात मिळवला. दोघांनी एकाच काडीवर सिगारेटी पेटवल्या. झुंबरला कुणी काही विचारलं नाही.

त्याची बायको सोजर काठावरच्या बाभळीखाली उभी होती. तिनं हाक मारली नाही. हाक मारली तर तो मान वळवणार, आणि मान वळवली की पाठीत बंदुकीचा दस्ता बसणार. पारध्याच्या पालात जन्मलेल्या बाईला एवढं कुणी शिकवावं लागत नाही.

झुंबर तित्तरांना फासे लावायला पलीकडच्या माळावर गेला होता. त्याचा बापही तिथंच जायचा, आजाही. तित्तरं काही ओढा बघून उडत नाहीत. या वेळी मात्र पलीकडच्या पोलिसांनी त्याला फाशांसकट उचललं आणि आज अलीकडं आणून दिलं.

माणसं नाक्याकडं निघाली तशी सोजर मागून चालू लागली. शब्बीर शिपाई मुद्दाम मागं रेंगाळला. तो गावातलाच, त्याच्या आईच्या हातचं कालवण सोजरनं लहानपणी खाल्लं होतं.

"कशापायी धरलं त्यास्नी?" तिनं विचारलं.

"उमरग्याच्या वाटंवर एकाची बैलजोडी गेली. अमुशाच्या राती."

"अमुशाच्या राती ते रुद्रम्माच्या खळ्यावर राखणीला हुते."

"मला म्हाईत हाय." शब्बीरनं पुढं चाललेल्या अमीनाकडं पाहिलं. "त्यांनाबी म्हाईत असंल."

"मंग?"

शब्बीर हळू बोलू लागला. "दिल्लीचा अन् हैद्राबादचा करार झालाय. जैसे थे करार म्हंत्यात. इंग्रजाच्या वक्ताला जे जे ठरलं हुतं, ते समदं तसंच चालू ऱ्हानार. एकमेकाचे गुन्हेगार एकमेकाला द्यायचे, हेबी त्यातच आलं. अमीनसाबानं रुद्रम्माचा शांतलिंग मागितला, त्याच्या संगटची पोरं मागितली. ती निजामाशी लढायला पलीकडं कॅम्प करून बसल्यात, झेंडा लावून. त्यास्नी कोन देतंय? पर कायच न्हाय दिलं, तर करार मोडल्यावानी व्हतंय."

"म्हनून आमचा मानूस दिला."

शब्बीरनं कमरेचा पट्टा सारखा केला.

"करार करताना आमाला कुनी इचारलं व्हतं?"

"मलाबी न्हाय इचारलं, सोजर," तो म्हणाला आणि भरभर पुढं गेला.

सोजर तशीच रुद्रम्माच्या खळ्यावर गेली. रुद्रम्मा तिवईवर उभी राहून ज्वारी उपणत होती. नवरा गेल्यापासून शेत तीच बघायची. खळ्याची राखण झुंबरकडं द्यावी हे तिनंच ठरवलं होतं, आणि पारध्याला राखणीला ठेवलं म्हणून भावकीचे बोलही तिनंच खाल्ले होते.

"आव्वा, नाक्यावर चला. अमुशाच्या राती ते हितं हुते, एवढंच सांगा."

रुद्रम्माच्या हातातलं सूप थांबलं. वारा चांगला होता, तरी दाणा पडेना.

"मी आले की पहिला सवाल माझ्या लेकाचा, सोजर. कुठाय, कवा येतो, कुनाकडं जेवतो."

"तुमी न्हाय सांगितलं, तर कोन सांगनार? माझ्यावर कुनाचा इस्वास हाय?"

"मला न्हाय जमायचं." रुद्रम्मा खाली उतरली आणि सोजरकडं पाठ करून दाणे सारखे करत बसली. "चार पायल्या घिऊन जा. पोटाला लागतील."

सोजरनं ज्वारीकडं पाहिलंही नाही. तिची नजर खळ्याच्या कडेला कडब्याच्या गंजीवर गेली होती. गंजीच्या बुडाशी पितळेचा तांब्या होता आणि फडक्यात गुंडाळलेली भाकरी. आतून दाबून धरलेला खोकला आला. कडब्याला काही तहान लागत नाही. सोजर क्षणभर उभी राहिली, मग आली तशी निघून गेली. रुद्रम्मानं मान वर केली, तेव्हा खळ्यावर कुणी नव्हतं.

नाक्यावर झुंबरला लिंबाच्या बुंध्याला बांधलं होतं. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. अमीन बाजेवर बसून पानाला चुना लावत होता. सोजरचं गाऱ्हाणं त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"चोरी केली, न केली, त्याच्याशी मला काय?" तो शांतपणे म्हणाला. "तुम्ही लोक सगळा माळ तुडवता. शांतलिंग आईला भेटायला येतो, अशी खबर आहे. कुठं लपतो तेवढं बोल. नवऱ्याला आत्ता घेऊन जा."

सोजरनं झुंबरकडं पाहिलं. तोही उघड्या डोळ्यानं तिच्याकडंच बघत होता. खळं नाक्यावरून दिसत होतं. उपणणीचा भुसा अजून हवेत होता. नुसतं बोट केलं असतं तरी पुरलं असतं. रुद्रम्माची ती पाठ तिला आठवली आणि तिचा उजवा हात खरंच थोडा वर आला. मग त्या हातानं तिनं पदर ओढून घेतला, घट्ट, मुठीत.

"बोल," अमीन म्हणाला.

"दुसऱ्याचं मानूस दिऊन आपलं आनायचं, ह्यो तुमचा धंदा हाय. तुमचा अन् पलीकडल्यांचा. मला त्यात घिऊ नका."

अमीनानं पान तोंडात घातलं आणि हवालदाराला खूण केली. काठी सोजरच्या खांद्यावर बसली. झुंबर ओरडला, सोजर ओरडली नाही. संध्याकाळच्या आत झुंबरला गाडीत घालून धाराशिवच्या तुरुंगाकडं रवाना केलं.

सोजर पायी मागं गेली. उन्हाळाभर ती धाराशिवच्या वेशीबाहेर पाल ठोकून राहिली. सडकेची खडी फोडली, सरपण विकलं. तुरुंगाच्या दारावर रोज हाकललं जायचं, तरी ती रोज जायची. खटला उभा राहिलाच नाही. पारध्याचा खटला उभा करायची घाई कुणाला असते?

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि आठवड्याच्या आत निजामाचं राज्य गेलं. धाराशिवात गुलाल उधळला. तुरुंगाचं दार उघडलं आणि माणसं बाहेर येऊ लागली. एकेकाच्या गळ्यात हार पडत होते. सोजर गर्दीत कोपरं मारत पुढं गेली. शेवटचा माणूस बाहेर पडला आणि दार परत लागलं.

"माझा मानूस ऱ्हायला की आत," ती पहारेकऱ्याला म्हणाली.

"हे राजबंदी. तुझा चोरीतला."

त्या रागात ती गावापर्यंत चालत आली. रुद्रम्माच्या दारात तोरण होतं; शांतलिंग परत आला होता, लोक भेटायला येत होते. सोजर ओसरीखाली उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली,

"आव्वा, आता भ्या कशाचं?"

रुद्रम्मानं पायात वहाणा घातल्या. शांतलिंगनं गाडी जुंपायला सांगितली.

धाराशिवच्या कचेरीत नवा अधिकारी नुकताच बदलून आला होता. शांतलिंगला पाहताच तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली. सोजरनं त्याला दारातूनच ओळखलं. ओढ्याच्या पलीकडचा फौजदार. त्यानं तिला ओळखलं नाही.

"अमुशाच्या रात्री झुंबर माझ्या खळ्यावर होता," रुद्रम्मा उभ्यानंच म्हणाली. "मी स्वतः त्याला रात्री भाकरी दिली."

"तेव्हाच का नाही सांगितलं, बाई?"

"माझं पोर धरलं असतं. त्याच्या मागावर होते."

"बरोबर आहे. पण कैदी करारान्वये आलेला. त्याची चौकशी ज्यांनी मागितला त्यांच्याकडं."

"ज्यांनी मागितला ते गेले की, सायब," सोजर म्हणाली. "अन् दिला तर तुमीच हुता. वढ्यात, तुमच्याच हातानं. आता म्या परत कुनाकडं मागू?"

अधिकाऱ्यानं प्रथमच तिच्याकडं नीट पाहिलं. मग तो शांतलिंगकडं वळला. "ही कोण?"

"झुंबरची बायको. प्रामाणिक माणसं आहेत, साहेब. माझा शब्द घ्या."

"आव्वाच्या खळ्यावर त्या दिशी कडब्याच्या गंजीत हे हुते," सोजरनं शांतलिंगकडं बोट केलं. "भाकर फडक्यात हुती, तांब्या बुडाशी हुता. अमीन म्हनला, लपलेला कुठं हाय सांग अन् नवरा घिऊन जा. नाक्यावरनं खळं दिसत हुतं."

रुद्रम्मानं भिंतीचा आधार घेतला आणि हळूहळू खाली बसली. शांतलिंग खुर्चीत जरासा हलला, पण उठला नाही.

"ठीक आहे," अधिकारी शेवटी म्हणाला. "शांतलिंगराव, तुमच्या शब्दाखातर सोडतो."

"आन् आव्वांनी सांगितलं ते?" सोजरनं विचारलं. "चोरी केली न्हाय, आसं ल्ह्या की."

"सुटतोय ना तुझा नवरा? मग झालं." त्यानं शिपायाला हाक मारली. "आणि गावात गेल्यावर रोज दिवस मावळायच्या आत हजेरी. तुमच्या जातीचा, गुन्हेगार जमातींचा कायदा अजून उठलेला नाही."

झुंबर बाहेर आला तेव्हा त्याला उजेड सोसेना. सुजलेला डोळा आता बरा झाला होता, पण त्यावर साऱ्याचा पांढरा पडदा आला होता. समोर शांतलिंग आहे हे त्याला पांढऱ्या कपड्यांवरून कळलं असावं. कुणीतरी सांगितलंच होतं त्याला, कुणामुळं सुटलास ते. तो वाकला आणि त्यानं दोन्ही हात जोडले.

सोजर पुढं झाली. तिनं त्याचे जोडलेले हात धरले आणि सोडवून खाली ओढले. एक हात तिनं आपल्या हातात ठेवला.

"चला," ती म्हणाली.

"गाडीत बसा गं," मागून रुद्रम्माचा आवाज आला. "सोजर, दोघंबी बसा."

सोजर थांबली नाही. नवऱ्याला दगडधोंड्यातून सांभाळत ती उमरग्याच्या सडकेला लागली. मागून बराच वेळ गाडीच्या चाकांचा आवाज येत राहिला. रुद्रम्मा गाडीतून उतरून गाडीमागं चालत होती. पण सोजरनं वळून पाहिलं नाही, म्हणून तिला ते कळलं नाही.