मालनबाईंचा हात

लहानूला गाडी वळवायच्या आधी इंडिकेटर द्यायची सवय नव्हती. उजव्या बाजूचा तर बंदच पडला होता. मखमलाबादच्या मळ्यातून रोज सकाळी तो झेंडूची पोती स्कूटरवर पुढं ठेवायचा आणि मागं आईला, मालनबाईंना, बसवून पंचवटीतल्या फूलबाजारात जायचा. मालनबाई नऊवारीत दोन्हीकडं पाय टाकून ऐसपैस बसायच्या.

एकदा तो असाच अचानक वळला आणि मागच्या टेम्पोनं करकचून ब्रेक दाबला. त्या दिवसापासून मालनबाई स्वतःच हात बाहेर काढू लागल्या. अडचण एवढीच, की लेक कुठं वळणार हे त्यांना ठाऊक नसायचं. अंदाजानं डावा हात काढावा, तर लहानू उजवीकडं वळायचा. मागचे रिक्षावाले दोघांनाही शिव्या घालायचे.

"आई, हात आत घे. लोक हसत्यात."

"मंग सांगत जा ना कुठं वळायचं ते."

लहानू सांगायचा नाही. रस्ता रोजचाच, पण कुठं गर्दी दिसली की तो ऐनवेळी दुसऱ्या गल्लीत घुसायचा.

पेठ नाक्यावर एका पोलीसबाईनं त्यांना बाजूला घेतलं. मालनबाईंचा डावा हात बाहेर आणि गाडी उजवीकडं, हे तिनं समोरच पाहिलं होतं.

"मावशी, गाडी तुम्ही चालवताय की हा?"

"चालवतो त्यो. पण त्याच्या मनातलं मागच्याला कळत नाय ना, बाई. मला पोटच्या पोराचं कळत नाय, तर टेम्पोवाल्याला काय कळायचं?"

पोलीसबाईला हसू आवरेना. मग ती लहानूकडं वळली. "दिवा दुरुस्त करून घे. आणि तोवर आईला आधी सांगत जा."

दुसऱ्या दिवसापासून तो सांगू लागला. वाटलं होतं त्यापेक्षा ते अवघड गेलं. वळायच्या आधी बोलायचं, म्हणजे आधी ठरवायला हवं, आणि ठरवायचं तर वेग कमी करायला हवा. इतकी वर्षं आपण वळण आल्यावरच ठरवत होतो, हे त्याला पहिल्यांदा जाणवलं. मागून हॉर्न वाजायचे. पण मालनबाईंचा हिरव्या बांगड्यांचा हात बाहेर आला, की सिटी बससुद्धा थांबायची.

आठवड्यात त्यानं दिवा बसवून घेतला. "आता हात काढायचं काम नाय," तो म्हणाला.

"उन्हात दिसतो का पण त्यो?"

लहानूनं गाडी कडेला लावली, इंडिकेटर सुरू केला आणि मागं चालत गेला. ऊन नेमकं दिव्यावर पडलं होतं. लुकलुक होत होती, पण डोळे बारीक केल्यावरच कळत होती.

आपली गाडी मागून कशी दिसते, हे त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. आई बसली होती. पाठमोरी फारच लहान दिसत होती ती, खांदे आत गेलेले. पदराचं टोक घसरून चाकाशी लोंबत होतं. एवढ्या गाड्या आपल्या मागं असतात, त्यांना रोज हे दिसत असणार, आणि आपल्याला एकदाही दिसलं नाही.

"दिसतो का?" मालनबाईंनी पुढं बघतच विचारलं.

"थोडा थोडा," लहानू म्हणाला. त्यानं पदर उचलून तिच्या कमरेला नीट खोचला. "तू हात काढत जा. मी सांगत जातो."