मिसेस क्लाइड ब्रेके

मंगळवारी सकाळी दहा वाजता इर्मा डाल्की विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात उतरली आणि टेबलामागच्या बाईला म्हणाली, "क्लाइड ब्रेकेचे कागद बघायचेत. त्यात एक चूक आहे, ती दुरुस्त करून घ्यायचीय."

पेन, पर्स आणि बर्फाने भिजलेला कोट बाहेरच्या कपाटात ठेवायला लावून तिला आत घेतलं गेलं. टेबलामागच्या बाईचं नाव जोसलिन. माजी आमदार ब्रेके यांच्या कागदपत्रांची खोकी लावण्याचं काम तिच्याकडे होतं.

इर्माने साप्ताहिकातलं कात्रण पुढे केलं. ब्रेके यांनी आपले कागद विद्यापीठाला दिल्याची बातमी होती. सोबत जुना फोटो. पिकअपच्या मागच्या फळीवर उभा राहून भाषण करणारा क्लाइड आणि शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली, हातात कॉफीची किटली धरलेली बाई. खाली छापलं होतं, 'आमदार क्लाइड ब्रेके आणि पत्नी शारलीन, प्रचारसभेत'.

"ही मी आहे," इर्मा म्हणाली. "शारलीन तेव्हा बिलिंग्जला सहावीत असेल. दातांना तारा लावून."

जोसलिन हसणार होती, पण थांबली. तिने आतून मूळ फोटो आणला आणि उलटा केला. मागे शिसपेन्सिलीने लिहिलं होतं, 'क्लाइड आणि मिसेस क्लाइड ब्रेके'.

"आम्ही एवढंच बघितलं, मॅडम. कागद द्यायला आले तेव्हा त्यांच्यासोबत शारलीनबाई होत्या. त्याही काही बोलल्या नाहीत."

"कशाला बोलेल? अगं, तेव्हा लग्न झालं की बाईचं नावच जायचं. चर्चच्या यादीत मिसेस क्लाइड, पेपरात मिसेस क्लाइड, केक स्पर्धेत बक्षीस मिळालं तरी मिसेस क्लाइड. आणि हे अक्षर कुणाचं, ठाऊक आहे? माझंच."

जोसलिनने संग्रहाची माहिती काढून तिच्यापुढे ठेवली. त्यात एक वाक्य होतं: 'त्यांच्या पत्नी शारलीन यांनी वीस वर्षं सचिवाचं काम विनावेतन सांभाळलं.'

इर्माने ते दोनदा वाचलं.

मोंटानात आमदाराला ना कचेरी होती, ना कारकून. विधिमंडळ दर दुसऱ्या हिवाळ्यात भरायचं, उरलेला काळ आमदार आपल्या शेतावर. लोकांची पत्रं घरी यायची. खडीचा रस्ता वाहून गेला, शाळेची बस कुंपणापर्यंत येत नाही, गारपिटीची भरपाई अडली. वासरांना दूध पाजून झालं की इर्मा स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाइपरायटर ओढायची. क्लाइड म्हणायचा, "तूच लिही गं. तुला माणसांशी बोलता येतं." काही वर्षांनी सहीही तीच करू लागली. शेवटची निवडणूक जिंकली, त्याच वर्षी क्लाइड विमा कंपनीतल्या शारलीनकडे राहायला गेला. इर्माने बापाचं आडनाव परत घेतलं आणि निवृत्त होईपर्यंत शाळेच्या मुदपाकखान्यात काम केलं.

जोसलिनने खोकी उघडली. एका आईला लिहिलेलं उत्तर वर होतं. धान्य चढवायच्या यंत्रात तिच्या मुलाचा हात गेला होता.

"हे आम्ही प्रदर्शनात लावणार आहोत," जोसलिन म्हणाली. "त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो यात."

"त्याने ते वाचलंही नव्हतं," इर्मा म्हणाली. "त्या बाईकडे मी डबा घेऊन गेले होते. मग लिहिलं."

दुपारपर्यंत दोघींनी खोक्यांमागून खोकी पाहिली. इर्मा हे नाव कुठेही नव्हतं.

"माझ्याकडे घटस्फोटाचा निकाल आहे. तो आणू का?"

"माझा विश्वास आहे तुमच्यावर. अडचण पुराव्याची नाही. कुटुंबाविषयी नवं काही दात्याच्या संमतीशिवाय घालायचं नाही, असा करार आहे. फोन लावू?"

"लाव."

फोन शारलीनने उचलला. जोसलिनने इर्मालाही ऐकू येईल असा तो टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं.

"फोटोमागं मिसेस क्लाइड ब्रेके लिहिलंय ना?" शारलीन म्हणाली. "मग ती मीच. आज दुसरी कोण आहे?"

"शारलीन, तू तेव्हा सहावीत होतीस," इर्मा म्हणाली.

शारलीनने आवाज चढवला. "ही बया तिथंच बसलीय होय? क्लाइड! तुझी इर्मा आलीय बघ. नाव पाहिजे तिला आता."

क्लाइडचा आवाज सावकाश आला. "इर्मा? बरी आहेस ना?"

"बरी आहे. क्लाइड, लोकांची पत्रं कोण लिहायचं, तेवढं सांग या पोरीला."

"पत्रं?" तो म्हणाला. "मीच की. जागून लिहायचो. किती पत्रं यायची, आठवतं? तू कॉफी आणून द्यायचीस."

तो खोटं बोलत नव्हता. त्याचा आवाज तिला ठाऊक होता. त्याला खरोखरच तसं आठवत होतं.

इर्माने स्वतःच हात पुढे करून फोन बंद केला.

"मी समितीकडे अर्ज देते," जोसलिन म्हणाली. "पण त्यांची संमती नसली तर तुमचं नाव घालता येईल असं वाटत नाही."

"माझं घालता येत नसेल, तर तिचं तरी काढ," इर्मा म्हणाली आणि कोट मागितला.

समितीचा निर्णय जूनमध्ये आला. कुटुंबात मतभेद असल्याने सचिवाविषयीचं वाक्य वगळण्यात आलं. फोटोखालची ओळही बदलली: 'आमदार क्लाइड ब्रेके आणि एक अनोळखी स्त्री'. मुलाचा हात गेलेल्या आईला लिहिलेलं उत्तर ठरल्याप्रमाणे काचेच्या पेटीत लागलं. खाली क्लाइडचं नाव आहे.

नोव्हेंबरात क्लाइड वारला. करारातला संमतीचा अधिकार शारलीनकडे गेला. इर्माने जानेवारीत पुन्हा अर्ज केला आणि या वेळी घटस्फोटाच्या निकालाची प्रत आणि लग्नाचा फोटो जोडला. अर्ज संमतीसाठी वारसाकडे पाठवला असल्याचं ग्रंथालयाने तिला कळवलं. त्यानंतर काही कळलेलं नाही.