खालच्या शेतातले पतंग

नीवेस ही माझी नणंद. इटलीत उदिनेच्या एका संस्थेत ती मक्यावरच्या पतंगांच्या वासाचा अभ्यास करते. अंधारात नराला मादी सापडते ती वासावरून, आणि कुठला वास आवडायचा हे नराच्या जनुकातच ठरलेलं असतं, असं तिने मला एकदा पोलेंटा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट सांजा, ढवळता ढवळता सांगितलं होतं. मला त्यातलं निम्मं कळलं.

आमच्या खालच्या शेतात पोलेंटासाठीचा जुन्या वाणाचा मका असतो. पीठ आम्हीच दळून विकतो, म्हणून होता होईल तो फवारत नाही. त्या वर्षी नीवेसने बांधावर कामगंध सापळा टांगून दिला. आत मादीच्या वासाची रबरी गोळी, खाली चिकट पुठ्ठा. नर चिकटायला लागले की फवारायचं, तोवर नाही, असं तिने माझ्या नवऱ्याला, एर्मेसला बजावलं. जून सरला तरी पुठ्ठा कोराच. एर्मेस खुशीत होता.

जुलैत एक दिवस वारा सुटला आणि मका मधूनच मोडून पडला. एर्मेसने एक मोडकं खोड चिरलं. आत नुसता भुसा, आणि त्यात त्याच पतंगाची गुबगुबीत अळी. पुढचं चिरलं, त्यातही तेच. त्याने शेतातूनच बहिणीला फोन लावला. काय बोलला ते मी इथे सांगत नाही.

शनिवारी नीवेस आली. आधी सापळा पाहिला, मग खोडं, मग परत सापळा. गोळी शिळी असेल म्हणून तिने नवी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळीही पुठ्ठा कोरा.

"दादा, असं व्हायला नको," ती म्हणाली.

"झालंय ना पण," एर्मेस म्हणाला.

त्या संध्याकाळी आम्ही अंगणात जेवायला बसलो. चीज-बटाट्याचं खरपूस फ्रिको होतं, कालची पोलेंटा भाजून घेतलेली. उजेड कमी झाला तसे तिच्या खुर्चीवर टाकलेल्या स्वेटरभोवती पिवळट पतंग फिरायला लागले. एक बाहीवर बसला, मग आणखी चार-पाच. एर्मेसला हसू आलं. "घे, तुझे नवरदेव आले. एवढी वर्षं आम्ही उगाच स्थळं बघत होतो."

मीही हसले. नीवेस मात्र हसली नाही. तिने स्वेटर अलगद उचलला आणि माझ्याकडे मुरंब्याची रिकामी बरणी मागितली. पतंग आत घालता घालता ती सांगत होती. या पतंगांची दोन घराणी आहेत. दिसायला एकसारखी, फक्त मादीच्या वासातलं मिश्रण उलट प्रमाणात. आपल्या भागात पहिलं घराणं आहे असं धरून तिने गोळी लावली होती. आणि वसंतात प्रयोगशाळेत या बाहीवर थेंब सांडला होता तो दुसऱ्या वासाचा. स्वेटर दोनदा धुतला होता.

"म्हणजे आमच्याकडे दुसरं घराणं आहे. एवढंच ना?" मी विचारलं.

"एवढंच असावं, वहिनी."

तिने दुसऱ्या वासाची गोळी लावली आणि दोन रात्रींत पुठ्ठा भरला. आम्हाला हायसं वाटलं. अळ्या खोडात शिरल्या होत्या, त्यामुळे फवारून उपयोग नव्हता, पण निदान कारण तरी कळलं होतं.

ऑगस्टच्या शेवटी दुपारी तिचा फोन आला. एर्मेस झोपला होता. आमच्या खोडांतल्या अळ्या तिने प्रयोगशाळेत वाढवल्या होत्या. नरांची जनुकं तपासली, तर आवड दुसऱ्या वासाचीच. इथवर बरोबर. पण त्याच खोडांतून निघालेल्या माद्या वास सोडत होत्या पहिल्या घराण्याचा.

"मग ते नर आपल्याच माद्यांकडे जात नसतील," मी म्हटलं.

"जायला नकोत."

"तर मग एवढ्या अळ्या आल्या कुठून?"

ती म्हणाली, "मला कळत नाही, वहिनी. आणखी खोडं पाठवता का?"

मी पाठवली. निकाल तोच आला. तिच्या वरिष्ठांना वाटलं, डबे बदलले असतील. तिलाही तसंच वाटलं. सगळं पुन्हा केलं. डबे बदलले नव्हते. घराणी मिसळली असतील, एवढं ती म्हणायची, पण तरी जोड्या कशा जमतात हे तिला सांगता येईना. ती अशी अडखळताना मी कधी पाहिली नव्हती. एर्मेसचा राग कधी ओसरला तेही मला कळलं नाही.

कापणीत खालच्या शेताचा निम्मा मका हाती लागला, त्यातली बरीच कणसं बुरशीची. त्या वर्षी त्या शेताचं पीठ आम्ही विकलं नाही. कापणीनंतर इथे सगळे खोडं बारीक करून नांगरतात, कारण अळ्या त्यात थंडी काढतात. नीवेस भावाला चाचरत म्हणाली, एक ओळ राहू दे, वसंतात त्यातून निघणारे पतंग जाळीत धरून बघते. दुसऱ्या दिवशी पाहते तर एक ओळ उभी होती आणि तो तिच्यावर जाळी ताणत होता.

शेजारच्या बेपीने बांधावरून विचारलं, हे काय चाललंय.

"बहिणीला हवंय," एर्मेस म्हणाला.

"कशाला?"

"तिलाही माहीत नाही अजून," तो म्हणाला, आणि मला जाळीचं दुसरं टोक धरायला सांगितलं.