एक्केचाळीस चुका

पुष्पा उमाळे रजा घेऊन सोनाळ्याला आली असं गावात सगळ्यांनी धरलं. खरं तर तिला रजेवर धाडलं होतं. एकोणीसशे एकोणऐंशीचा फेब्रुवारी होता. शेगावला गाडीतून उतरून, वरवट बकालला बस बदलून ती घरी पोचली तेव्हा एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि काखेत सुतळीनं बांधलेला कागदांचा जाडजूड गठ्ठा. कौशल्याबाईंनी, तिच्या आईनं, आधी गठ्ठ्याकडं पाहिलं, मग लेकीच्या तोंडाकडं. चुलीवर तवा ठेवला आणि ज्वारीचं पीठ परातीत घेतलं.

पुष्पा नागपूरला गणितात एम.एस्सी. झाली होती आणि चार वर्षांपासून मुंबईच्या एका संशोधन संस्थेत संगणक विभागात होती. वडील अर्जुनराव भाजीचा मळा करत. वांगी, मिरची, कांदे. लेक मुंबईत नेमकं काय करते हे त्यांना कुणी विचारलं, तर ‘मशिनीले लिहाले शिकवते’ एवढंच ते सांगत. ते फारसं चूक नव्हतं.

विभागानं एक पार्सर जनरेटर बांधला होता. नाव अवघड, काम समजायला सोपं. संगणकाला दिलेला मजकूर ठरल्याप्रमाणे लिहिला आहे का, त्यात कुठं काय आलं आहे, हे वाचून तपासणारा प्रोग्राम म्हणजे पार्सर. तो दर वेळी हातानं लिहायला महिने जायचे. म्हणून हा जनरेटर. त्याला नुसते नियम द्यायचे, की तो त्या नियमांचा पार्सर स्वतःच तयार करून द्यायचा. आधी गावाचं नाव, मग पीक, मग क्षेत्र. क्षेत्र म्हणजे आकडा आणि त्यापुढं एकर किंवा हेक्टर. असे ते नियम. नियमात येणाऱ्या प्रत्येक नावाला तिथले लोक चिन्ह म्हणत.

घोळ या चिन्हांत होता. एखाद्या चिन्हाचा अर्थ नियमांत कुठंच सांगितलेला नसला, तरी जनरेटर हूं की चूं करत नसे. हा शब्द माहितीच्या, भोकं पाडलेल्या कार्डावर असाच्या असा येणार असेल, असं धरून तो पुढं जाई. राज्याच्या पीक-माहितीसाठी नियम लिहिले ते खुद्द विभागप्रमुखांनी, डॉ. भगवंतराव देशमुखांनी. ‘मिश्र’ हे चिन्ह रोमन अक्षरांत लिहिताना त्यांनी अर्थ सांगितला तिथं एच घातला, आणि वापरलं तिथं सगळीकडं गाळला. माणसानं वाचलं असतं तर लक्षातही आलं नसतं. जनरेटरला ती दोन वेगळी चिन्हं वाटली. त्यानं निमूट पार्सर बनवून दिला, आणि तो पार्सर मिश्र पिकाची बरोबर भरलेली कार्डं चुकीची म्हणून परत टाकू लागला.

कार्डं पंच करायला रोजंदारीवर बायका होत्या. त्यांच्यातल्या सिंधूताईंची कार्डं सगळ्यांत जास्त परत यायची. तीन आठवडे त्यांना रोज बोलणी बसली, चौथ्या आठवड्यात कामावरून कमी केलं. पुष्पानं त्या परत आलेल्या कार्डांचा ढीग सहज चाळायला घेतला आणि दहा-बारा कार्डांतच थांबली. प्रत्येक कार्डावर कापसात तूर होती. सिंधूताईंच्या टेबलावर विदर्भाचे तालुके यायचे, आणि कापसाच्या तासांमधून, म्हणजे ओळींमधून, तुरीचं तास धरायचं हे तिकडं घरोघर चालतं. हे मुंबईत कुणाला सुचणार नव्हतं. सोनाळ्याच्या पोरीला ते शिकायला लागलं नव्हतं.

मग तिनं दोन महिने घालून जनरेटरची चिन्हं ठेवायची पद्धतच बदलली. जे शब्द कार्डावर जसेच्या तसे येणार ते नियमांच्या सुरुवातीला जाहीर करायचे. बाकी प्रत्येक चिन्हाचा अर्थ नियमांत मिळालाच पाहिजे. जे चिन्ह जाहीरही नाही आणि ज्याचा अर्थही नाही, त्याला चूक म्हणायचं, ओळीचा नंबर छापायचा आणि सगळे नियम तपासून झाले की पार्सर न बनवता थांबायचं. अर्थ आहे पण वापर नाही, तीही चूकच. या तपासणीतून देशमुख साहेबांचे नियम घातले, तर एक्केचाळीस चुका छापून आल्या.

साहेबांनी तो कागद सगळ्यांसमोर टेबलावर टाकला. नियम लिहिणाऱ्यानं नीट लिहावेत, यंत्राला मास्तरकी करायला लावू नये, असं ते म्हणाले. महिन्याअखेरीला मंत्रालयातले अधिकारी प्रात्यक्षिक बघायला येणार होते. एक्केचाळीस चुका बघून ते दारातूनच परत गेले असते. तपासणी काढून टाका, असा हुकूम झाला. पुष्पा म्हणाली की काढणार नाही. आणि सिंधूताईंची कार्डं बरोबर होती असं त्यांना लेखी कळवावं. साहेबांनी चष्मा पुसला आणि तिला पंधरा दिवस गावी जाऊन डोकं थंड करायला सांगितलं.

डोकं काही थंड झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती गठ्ठा घेऊन मळ्यात जाऊ लागली. विहिरीजवळच्या कडुनिंबाखाली खाट होती, तिच्यावर दोन्ही कडांना भोकं असलेला तो लांबलचक कागद पसरायचा, वर दगड ठेवायचे आणि एकेक चूक तपासायची. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस खऱ्या आहेत हे साहेबांच्या तोंडावर सिद्ध करायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. आई शेजारच्या वाफ्यात कांदे खुरपता खुरपता मधूनच तिच्याकडं बघायची.

तिसऱ्या दिवशी अर्जुनराव पाणी फिरवून आले आणि हात धोतराला पुसत खाटेशी टेकले. हे काय आहे, असं त्यांनी विचारलं. साहेबांच्या चुका आहेत, एक्केचाळीस, असं तिनं सांगितलं. ते बराच वेळ कागदावर वाकून बघत राहिले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण नजर बारीक होती.

“हे तं एकच नाव दिसून राह्यलं मले,” ते बोट फिरवत म्हणाले. “वरतून खालपरेंत तेच.”

“हाव. एकच चिन्ह हाय थे. अडतीस जागी वापरलं.”

“मंग एक्केचाळीस काऊन म्हनतं? पाट एका जागी फुटला अन् खालच्या अडतीस सऱ्या कोरड्या राह्यल्या, तं मी सऱ्या मोजत बसू का पाट बांधू?”

ते उठून विहिरीवरच्या इंजिनाकडं गेले. आधी पुष्पाला रागच आला. मग तिनं पेन्सिल घेऊन मोजलं. अडतीस ओळी त्या एका गाळलेल्या एचच्या. एकोणचाळिसावी त्याचीच दुसरी बाजू, अर्थ सांगितला पण चिन्ह कुठं वापरलंच नाही अशी. उरल्या दोन, त्या वेगळ्या आणि खऱ्या. म्हणजे साहेबांच्या चुका तीन होत्या, आणि उरलेला सगळा आरडाओरडा तिच्या स्वतःच्या प्रोग्रामनं केला होता. असा कागद हातात पडल्यावर कुणीही माणूस चिडला असता. दुपारची भाकरी तिनं निम्मी ठेवली आणि आईनं टोकलं तरी खाल्ली नाही.

पण तिनं हेही ताडलं, की प्रोग्राम जास्त ओरडत होता म्हणून तो खोटं बोलत होता असं नाही. त्याला गप्प करणं वेगळं आणि नेमकं बोलायला शिकवणं वेगळं.

पुढचे आठ दिवस तिनं आखीव वहीत प्रोग्राम नव्यानं लिहिला. यंत्र जवळ नव्हतं, तेव्हा यंत्राचं काम तिनंच बोटावर केलं. एखाद्या चिन्हाबद्दल पहिल्यांदा तक्रार झाली की त्याच्या नोंदीवर खूण करायची. पुढं तेच चिन्ह आलं तर नुसता ओळीचा नंबर त्याच तक्रारीखाली जोडायचा. ज्या चिन्हाचा अर्थ नाही ती चूक, मग पार्सर बनवायचा नाही. अर्थ आहे पण वापरच नाही, तो नुसता इशारा, तो छापून पुढं जायचं. आणि न कळलेल्या चिन्हाशी एका अक्षराचा फरक असलेलं दुसरं चिन्ह सापडलं, तर ‘हेच म्हणायचं होतं का’ असं त्याचं नाव खाली द्यायचं. हे शेवटचं तिला शुक्रवारी सकाळी विहिरीवर तोंड धुताना सुचलं. ती तशीच ओल्या हातानं वहीकडं पळाली.

बाराव्या दिवशी भगवंतराव देशमुख स्वतः सोनाळ्याला आले. मूळचे ते मेहकरकडचे, मोठ्या शेतीवाडीतले. घरच्या लग्नाला आले होते, आणि बुलढाण्यावरून बस धरून वाट वाकडी करून इकडं उतरले. सफारीवर धुळीचा थर बसलेला. अर्जुनरावांनी त्यांना कडुनिंबाखाली खाटेवर बसवलं, पायावर पाणी घालायला दिलं. कौशल्याबाईंनी चहा आणून ठेवला.

साहेबांनी आडपडदा ठेवला नाही. तपासणी काढायचा प्रयत्न त्यांनी दोन जणांकडून करवला होता. ती चिन्हांच्या तक्त्यातच विणलेली होती. काढायला गेलं की सगळा जनरेटरच बंद पडे. प्रात्यक्षिकाला नऊ दिवस राहिले होते. पुष्पानं ती काढून द्यावी, झालं गेलं विसरून जाऊ, असं ते म्हणाले.

पुष्पानं वही पुढं केली. साहेबांनी ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. माणूस हट्टी असला तरी गणिताचा होता. एकेका पानावर थांबून, परत मागं जाऊन त्यांनी वाचलं. चहा गार झाला.

“तीनच?” त्यांनी वर न बघता विचारलं.

“तीनच, सर. बाकीची माझ्या प्रोग्रामची बडबड होती. ती चूक माझी.”

साहेबांचा चेहरा सैल पडला. काम फार सुरेख झालं आहे, असं ते मनापासून म्हणाले. आणि मग म्हणाले की तीनच चुका आहेत तर त्या आपण हातानं दुरुस्त करू. प्रात्यक्षिकापुरती तरी तपासणी बंद ठेवा. अधिकाऱ्यांसमोर यंत्रानं चूक असा शब्द छापायला नको. पुढं बघू केव्हातरी.

पुष्पा मुंबईत चार वर्षं त्यांच्याशी पुस्तकातल्यासारखं बोलत आली होती. शब्द घरचा निघू नये म्हणून जिभेवर सतत पहारा ठेवत आली होती. त्या वेळी तो पहारा उठला.

“काहाडत नाई, सर,” ती म्हणाली. “प्रात्यक्षिकापुरती बी नाई. अन् सिंधूताईले पत्र गेल्याबिगर ही वही मुंबईले येत नाई.”

साहेबांनी समजावणीच्या सुरात विचारलं, की एका रोजंदारीवरच्या बाईला संस्थेनं पत्र कसं लिहायचं, आणि काय लिहायचं, यंत्र चुकलं म्हणून?

“यंत्र नाई चुकलं. नियम चुकले. थे तुमी लिव्हले.”

अर्जुनराव चार पावलांवर मिरच्यांची पाटी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण हात थांबले. साहेब हलक्या आवाजात म्हणाले, तुमची नोकरी जाऊ शकते हे तुम्हाला कळतंय ना. पुष्पा म्हणाली, कळतं. बुलढाण्याच्या कॉलेजात गणिताला माणूस पाहिजे असेल तर विचारीन, नसेल तर हा मळा आहे. बोलता बोलता तिनं वही त्यांच्यापुढून उचलून मांडीवर घट्ट धरली.

मग साहेबांनी पेन काढलं आणि वहीतलं कोरं पान मागितलं. पहिल्यांदा त्यांनी लिहिलं की कार्डांच्या बाबतीत काही गैरसमज झाला होता. पुष्पानं ते वाचून परत दिलं आणि विचारलं, गैरसमज कोणाचा, कुठं. साहेबांनी तिच्याकडं एकदा रोखून पाहिलं. दुसऱ्या पानावर लिहिलं की मिश्र पिकाच्या नियमात चिन्हाचं स्पेलिंग चुकलं होतं, ती चूक माझी होती, सिंधूताईंनी पंच केलेली कार्डं बरोबर होती. खाली सही केली, तारीख घातली. पुष्पानं ते पान फाडून टपालात टाकायला स्वतःकडं ठेवलं आणि वही त्यांच्या हाती दिली. मग वही काखेत मारून ते बसथांब्याकडं निघाले. अर्जुनराव त्यांना पोचवायला गेले.

प्रात्यक्षिक वेळेवर झालं. एका अधिकाऱ्यानं मुद्दाम एक चुकीचं चिन्ह लिहून बघितलं. यंत्रानं ओळ सांगितली, खाली बरोबर चिन्हही सुचवलं, आणि तो अधिकारी तिथंच खुर्ची ओढून दुसरी चूक शोधायला बसला. सिंधूताईंना परत बोलावलं, पण त्या कामावर आल्या नाहीत. एका दुपारी पंचिंगच्या खोलीत आल्या, सगळ्या बायकांसमोर ते पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं, घडी करून पाकिटात ठेवलं आणि निघून गेल्या.

पुष्पाची नोकरी राहिली. साहेबांनी तीन वर्षं तिची बढती अडवून धरली, आणि तिनंही कधी जाऊन विचारलं नाही. जनरेटर मात्र बाहेरगावच्या चार-पाच संस्थांनी मागून नेला. त्यांपैकी एकीकडून पुढं लांबलचक तक्रार आली. तुमचा प्रोग्राम फार छळतो, प्रत्येक शब्द आधी जाहीर करायला लावतो, आमच्या अनुभवी माणसांना याची गरज नाही, ही अट उठवावी. साहेबांनी ते पत्र पुष्पाच्या टेबलावर आणून ठेवलं. तिनं दोनदा वाचलं, उत्तराचा कागद टाइपरायटरला लावला आणि मधोमध एकच ओळ उठवली.

‘शब्द जाहीर करावेत.’