दिपमालाची घागर

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस. चुलीवर खापर तापलेलं, पुरण वाटून तयार, आणि माझी सून मेघा काय करत होती? रडत होती! विचारलं तर म्हणे, धूर लागला. अगं, चुलीपुढे केस पांढरे झाले माझे. धुराचं रडणं कोणतं आणि माणसाचं कोणतं, मला कळत नाही होय?

"काय झाये व माय? काबर रडी ऱ्हायनी?" मी जवळ बसले.

तिनं आधी झोळीतल्या बाळाकडे पाहिलं. सात महिन्यांचं पोर. त्याच्या वेळी मेघाला झटके आले होते. पोट फाडून बाळ काढलं, आणि जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी मला समोर उभं करून बजावलं, इतक्यात दुसरं नको, या खेपेला वाचली, पुढच्या खेपेचं मी सांगू शकत नाही.

"आई, परवा निरोध फाटला," मेघा पुटपुटली.

मग एकेक बाहेर आलं. ती पाकिटं माझ्यापासून लपवायची म्हणून दोघांनी माळ्यावर बिबड्यांच्या डब्यात ठेवलेली. आमच्या माळ्यावर पत्र्याला डोकं टेकतं. वैशाखाचं ऊन, वर पत्रा, आत पत्र्याचाच डबा. बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड, ते तिथं कडक राहतात, पण रबर टिकेल का? मला असा राग आला! लपवायचं कशाला? मी काय वाघीण आहे?

"मग गोळी? नंतर घ्यायची गोळी मिळते ना?"

"हे काल गेले होते मेडिकलवर. पण गल्ल्यावर शालिग्रामकाकाच बसलेले. ह्यांनी ॲसिडिटीची गोळी आणली." मेघानं झोळीला झोका दिला. "आता म्हणतात, बाळ अंगावर पितंय तोवर काही होत नाही."

माझा मुलगा स्वप्नील दारात खाली मान घालून उभा होता. एवढा बाप्या, आणि काकाला लाजला!

"स्वतःची लाज वाचवली रे, आणि बायको पणाला लावली," मी म्हटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मला दया नाही आली.

कारण मला माझी दिपमाला दिसत होती. साक्रीकडे दिलेली लेक. पहिलं पोर पीत असतानाच दुसरं राहिलं. तिच्या सासरीही हेच म्हणायचे, पाजतेय तोवर काही होत नाही. त्या बाळंतपणात मी पोचले तेव्हा तिला हिरवी साडी नेसवून, कपाळभर कुंकू लावून निजवलं होतं. आखाजीला लेकी माहेरी येतात. माझी येत नाही. या सणाला गेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरून पुजतात; गेलेल्या लेकीची सासरच्यांनी भरायची असते, माहेरी नाही. पण मी भरते. पितरांच्या घागरींपासून लांब, कोपऱ्यात.

तशीच उठले, पुरणाचे हात पदराला पुसले आणि दुकान गाठलं. सणाची गर्दी होती.

"शालिग्राम भाऊ, दिवस राहू नयेत म्हणून नंतर घेतात ती गोळी द्या."

"वहिनी, तुमले?"

"हां, मालेच! म्हातारपनमा पाळणा हालावनी भीती शे ना माले!" कुणीतरी फिसकन हसलं. मी वळून पाहिलं तसं थांबलं. "सुनेला पाहिजे. तुम्हाला पाहून पोरगा मागे फिरला काल."

शालिग्राम भाऊंचा चेहरा उतरला. गोळी देत ते हळू आवाजात म्हणाले, "जाताच द्या. तीन दिवसांच्या आत घ्यायची असते, आणि जितकी लवकर तितकी बरी. लगेच उलटी झाली तर परत या. पण वहिनी, पक्की खात्री नसते. पाळी लांबली तर तपासून घ्या."

मेघानं गोळी माझ्यासमोर घेतली. उलटी झाली नाही. दुसऱ्या दिवशी आखाजी झाली, पोरी झोक्यावर गाणी म्हणून गेल्या. पितरांच्या घागरी उचलल्या, दिपमालाची मात्र माझ्यानं उचलवेना. रोज सकाळी तिच्यातलं शिळं पाणी तुळशीला घालायचं, ताजं भरायचं, आणि मेघाच्या तोंडाकडे बघायचं. विचारायची हिंमत होत नव्हती. माझ्यासारख्या तोंडाळ बाईला! आणखी एक घागर मांडावी लागली तर, एवढंच मनात यायचं.

मग एका सकाळी मेघा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. "आई, मी आजपासून आत येत नाही."

आमच्याकडे पाळीच्या बाईनं चूल शिवायची नाही, पाणी शिवायचं नाही. नियम माझ्या सासूचा, पण कडक चालवला मी. माझ्या हातातलं पातेलं खाली पडलं आणि मला रडूच फुटलं.

"आत ये."

"अहो आई, पण घागर आहे तिथं..."

"आत ये म्हणते ना!" हात धरून मी तिला कोपऱ्यात नेलं, दिपमालाच्या घागरीपुढे बसवलं आणि तांब्या तिच्या हातात दिला. "आज तू भर. तिले कळू दे, तू शेस."